उरकण्याच्या आधी

रावपुरा, बडोदे

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "काकू, दिवसभर लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे, घरी आलं की आजीच्या गोळ्या, लाइटबिल, दळण. यात माझं असं काही उरतच नाही." तेव्हा मी गप्प बसले. "हसत राहा, सगळं छान होईल" असलं काहीतरी तोंडून निघालं असतं आणि त्याचा तुला काही उपयोग नव्हता. कंटाळा काही हुकमाने जात नाही.

एका कचेरीत मी एकतीस वर्षं पेन्शनच्या फायली हाताळल्या. पहिली चार वर्षं नुसत्या पाट्या टाकल्या. पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात, हे तुला माहीत आहेच. अशाच एका नोव्हेंबरात, घड्याळाकडे बघत, मी एका विधवा बाईंचा दाखला शेजारच्या फायलीत खोचला. फेब्रुवारीत त्या आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक त्यांनी काढलं आणि शेवटच्या एंट्रीवर बोट ठेवलं. बोटाच्या पेरावर कणीक सुकलेली होती. चार घरच्या पोळ्या लाटून तशाच निघाल्या होत्या त्या. "पैसा नथी आव्या, बेन," एवढंच म्हणाल्या. तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. पंधरा मिनिटांत दाखला सापडला. थकबाकीही पुढे मिळाली. पण मधले महिने त्यांनी कसे काढले, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतर मला काम आवडू लागलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी फक्त एक गोष्ट सुरू केली: फाइल उघडली की आधी नाव पूर्ण वाचायचं. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव, गाव. मग पुढचं काम. दोन-तीन सेकंद लागतात. पण नाव वाचलं की फाइल कागद राहत नाही, तिला माणूस चिकटतो, आणि माणसाचं काम हातून सहसा वाकडं होत नाही. संध्याकाळी घरी जाताना चिडचिडही कमी झाली. ती का कमी झाली हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मी दिवसभर जे करत होते, ते कुणासाठी तरी होतं हे दिसू लागलं होतं.

आपल्या बडोद्यात मराठी माणूसही दिवसातून दहादा "चालशे" म्हणतो. माणसांच्या बाबतीत हा शब्द मला फार प्रिय आहे. पाहुणा उशिरा आला, चालशे. भाजीत मीठ कमी पडलं, चालशे. पण दुसऱ्याच्या कामाला तो लावू नकोस.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तू लहानपणी माझ्याबरोबर यायचीस. सयाजीराव महाराज नाशिककडच्या कवळाणे गावाहून बडोद्याच्या गादीवर दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसाने 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग शिकलेल्या पोरांनी पुढे वाचायचं काय? म्हणून 1910 पासून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं आणि पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यापाड्यांत फिरवली. महाराजांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, असायलाच हवं. मला मात्र त्या पेट्या भरणारे कारकून आठवतात. पुस्तकं मोजायची, यादी करायची, परत आली की पुन्हा मोजायची. तुझ्या फॉर्मांहून ते काम वेगळं नव्हतं. त्यांनी पेटी नीट भरली, म्हणून कुठल्याशा गावात कुणीतरी कंदिलाशी पुस्तक उघडलं.

मात्र याचा अर्थ कुणी राबवून घेतलं तरी सोसायचं, असा घेऊ नकोस. सुट्टीच्या दिवशी फुकट बोलावतात म्हणालीस, त्याबद्दल साहेबांशी स्पष्ट बोल, लेखी दे. काम मनापासून करणाऱ्या माणसाला तसं बोलायचा हक्क जास्तच असतो. घरीही भावाला दळण आणायला सांग. सगळं तूच ओढायचं असं कुठे लिहिलेलं नाही.

आजीच्या गोळ्या मात्र तू स्वतःच भर. घाईघाईत डब्यात टाकू नकोस. तिला शेजारी बसव, प्रत्येक गोळी तिच्या तळहातावर ठेव आणि ही कशाची ते तिला सांगू दे. चुकली तर हसा दोघी. मी माझ्या सासूबाईंबरोबर असंच करायचे. त्या वीस मिनिटांत त्यांनी मला त्यांचं सगळं माहेर सांगितलं, एरवी कधीच न सांगितलेलं.

येत्या रविवारी आजीला घेऊन ये. गोळ्यांचा डबा रिकामाच आण, इथे बसून भरू. श्रीखंड करते.

तुझी,
काकू