कलमांची बाग तारण ठेवून आयआरचं बीए? दादा, जरा थांबा

देवगडहून एका आंबा बागायतदार दादांचं पत्र आलंय. मुलगी यंदा बारावी आर्ट्स झाली, 81 टक्के, आणि तिला इंटरनॅशनल रिलेशन्समध्येच (आयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) बीए करायचंय, तेही पुण्याकडच्या एका खासगी युनिव्हर्सिटीत. चार वर्षांचा खर्च होस्टेल धरून 18 लाख. बँक तारण मागतेय, म्हणून बाग तारण ठेवायची का असं विचारतायत, सीट ब्लॉक करायला 50 हजार ह्याच आठवड्यात भरायचेत म्हणे. शेवटची ओळ अशी आहे: "मॅडम, चेडू ऐकाक तयार नाय, पण ह्या शिकान ता करतला काय?"

दादा, शेवटचंच आधी घेते. 2014 आठवतंय ना? फळमाशी सापडली म्हणून 1 मेपासून युरोपने आपला आंबा बंद केला, ऐन सीझनमध्ये, नि बाहेर जायचा माल वाशीच्या बाजाराकडे वळवायची वेळ आली. मग आंबा जिथे निवडून पॅक होतो त्या पॅकहाउसची तपासणी कडक झाली, दिल्ली आणि ब्रसेल्समध्ये बोलणी झाली, जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवायचं ठरलं आणि तेव्हापासून युरोपला जाणारा हापूस आधी 48 डिग्रीच्या पाण्यात तासभर बुडवून काढतात. अमेरिकेचा नियम वेगळा, जपानचा वेगळा. हे नियम कोण ठरवतं, समोरच्या देशाशी कसं बोलायचं, कुठे सोडायचं नि कुठे धरून ठेवायचं, हाच तिचा विषय. जैतापूरला फ्रान्सची अणुभट्टी एवढी वर्षं का अडकलीय तेही ह्यातच येतं. त्यामुळे विषय फालतू आहे असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना गप्प करा, पोरीची आवड चांगली आहे.

पण आवड वेगळी आणि त्या नावाची डिग्री वेगळी. तिला परराष्ट्र सेवेत जायचंय असं तुम्ही लिहिलंय. त्याला आयआरची डिग्री लागतच नाही, यूपीएससीची तीच सिव्हिल सर्व्हिसेसची परीक्षा, कुठल्याही शाखेची पदवी आणि वय 21 पूर्ण. जागा मात्र मोजक्या, अलीकडच्या वर्षांत 37-38 पासून 55 पर्यंत, अख्ख्या देशातून. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावातून 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत गेले, म्हणजे खेड्यातून जाता येत नाही असं नाही, पण ह्या एकाच नोकरीवर 18 लाख लावू नयेत. बाकीची कामं म्हणजे मुंबईच्या गेटवे हाउससारख्या अभ्याससंस्था, वकिलातींमधला स्थानिक स्टाफ, एक्स्पोर्ट कंपन्या, पत्रकारिता, एनजीओ. तिथे नुसत्या बीएवर सुरुवातीला हातात फारसं येत नाही, संशोधनाच्या कामाला तर बहुतेक ठिकाणी एमए बघतात.

आता हिशोब. 18 लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, हप्ता बसतो महिन्याला 24 हजारांच्या वर, शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळंच. हप्ता बारा महिने येतो आणि तुमचा पैसा येतो दोन-अडीच महिन्यांत, त्यात एखाद्या वर्षी मोहोर गळला किंवा थ्रिप्सची कीड आली की संपलं. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा जमीन-घर तारण मागतात, त्यात बँकेची चूक नाही. आणि मुलींना फी माफ आहे ना, असं कोणी सांगेल, ती योजना व्यावसायिक कोर्सेसची आहे, खासगी युनिव्हर्सिटीला लागू नाही.

मी असते तर काय केलं असतं? रत्नागिरी नाहीतर मुंबई-पुण्यातल्या चांगल्या अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र किंवा इकॉनॉमिक्स घेऊन बीए, मला विचाराल तर इकॉनॉमिक्स, कारण टॅरिफचं, म्हणजे आयात कराचं, गणित कळणारी माणसं ह्या क्षेत्रात कमीच भेटतात. सोबत पहिल्या वर्षापासून एक परदेशी भाषा, पुण्यात असेल तर रानडे इन्स्टिट्यूट आहेच, आणि सहा महिन्यांत सोडायची नाही. मग सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएला दिल्लीचं जेएनयू, तिथलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ह्या विषयातलं देशातलं जुनं ठिकाण, आणि ट्यूशन फी वर्षाला काहीशे रुपये, होस्टेल-मेसचा खर्च वेगळा. खासगीतच जायचं तर तेव्हा जा, तोवर पोरीलाही कळलेलं असेल की आपल्याला खरंच हेच करायचंय का.

खासगी म्हणजे वाईट असं नाही हं. लिहायची-बोलायची सवय, इंटर्नशिपच्या ओळखी हे तिथे मिळतं, आणि स्कॉलरशिपने निम्मी फी सुटत असेल तर माझं मत बदलेल. पण गेल्या वर्षी गुहागरचा एक मुलगा असंच ब्रोशर घेऊन आला होता, कव्हरवर यूएनचे झेंडे. मी म्हटलं, शिक्षकांची यादी काढ. नऊ नावं निघाली, त्यातली चार व्हिजिटिंग, म्हणजे तासापुरती येणारी, आणि पहिल्या वर्षात आयआरचा पेपर एकच! बाकी सगळं कम्युनिकेशन स्किल्स नि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. पोरगा स्वतःच हसायला लागला.

तेव्हा तुमच्या मुलीलाच फोन करायला लावा त्या युनिव्हर्सिटीत, तुम्ही करू नका. फुलटाइम प्राध्यापक किती, तीन वर्षांनी थांबलं तर डिग्री मिळते का, मागच्या बॅचमधले कुठे लागले त्यांतल्या दोघांशी बोलायला मिळेल का, एवढं विचारायचं. बोलायला देत नसतील तर तेही उत्तरच झालं. यूजीसीच्या साइटवर मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटींच्या यादीत हिचं नाव आहे का बघून घ्या, आणि सीट सोडली तर 50 हजारांतले किती परत मिळतात ते लेखी मागवा. ते येईपर्यंत पैसे भरू नका, आणि बागेचे कागद कपाटातच असू देत.