वाचक विचारतात : पवनचक्कीचा मनोरा आणि त्याचे बोल्ट

प्रश्न : पवनचक्कीचा मनोरा वादळात टिकतो, मग साध्या वाऱ्यात फ्लँजचा (मनोऱ्याचे भाग जोडणाऱ्या पोलादी कड्याचा) बोल्ट कसा तुटतो? जाड बोल्ट घातला तर?

उत्तर : वादळ क्वचित येतं आणि वारा सेकंदाला साधारण 25 मीटरच्या पुढे गेला की पाती वळवून चक्की थांबवतात. बोल्टला थकवतात ते रोजचे हेलकावे. 20 वर्षांत त्यांची संख्या कित्येक कोटींवर जाते.

एम-36 (36 मिलिमीटर व्यासाचा), 10.9 ग्रेडचा (उच्च ताकदीच्या पोलादाचा) बोल्ट आधीच सुमारे 570 किलोन्यूटनने, म्हणजे जवळपास 58 टनांनी ताणलेला असतो. त्यामुळे दोन्ही फ्लँज एकमेकींवर इतक्या दाबून बसतात की वाऱ्याच्या ओढीने मुख्यतः तो दाबच कमी होतो आणि बोल्टच्या वाट्याला थोडाच भार येतो. हा पूर्वताण उतरला की तीच ओढ बोल्ट झेलू लागतो. तडा बहुतेकदा नटात शिरणाऱ्या पहिल्या आट्यापाशी सुरू होतो.

पूर्वताण उतरतो कशाने? वॉशरखालचा रंगाचा जाड थर दबतो. वेल्डिंगने फ्लँज वाकडी झाली असेल तर फट राहते. आटे कोरडे किंवा गंजलेले असले तर टॉर्क रेंच (ठरावीक पिळाने, म्हणजे टॉर्कने, नट आवळणारा पाना) योग्य आकडा दाखवतो, बोल्ट मात्र ढिलाच राहतो. मुळात टॉर्कचा जेमतेम दहावा भाग ताणात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणून मोठ्या बोल्टांना हायड्रॉलिक टेन्शनर (तेलाच्या दाबाने बोल्ट सरळ ताणणारं साधन) बरा. आवळल्यावर नटावर ओढलेली मार्करची रेघ जागेवर दिसली तरी निर्धास्त राहू नका, कारण नट न फिरताही ताण उतरतो.

जाड बोल्टाने फट बुजत नाही, म्हणजे मूळ कारण तसंच राहतं. एक बोल्ट तुटला तर शेजारचेही बदला, कारण त्यांनी जादा भार सोसलेला असतो. मग फीलर गेजने (फटीत सरकवायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) फट मोजा आणि संपूर्ण फ्लँजचे बोल्ट तपासा.

प्रश्न : त्याच जाडीचा मनोरा नुसता उंच केला तर चालेल?

उत्तर : नाही. रोटर (फिरणारी पाती) मिनिटाला 12 फेरे घेत असेल तर 0.2 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 0.2 वेळा, झोका बसतो. तीन पात्यांमुळे 0.6 हर्ट्झचाही. मनोऱ्याची स्वतःची वारंवारता (तो आपणहून सेकंदाला किती वेळा झुलतो ती संख्या) या दोहोंच्या मध्ये, समजा 0.3 ते 0.4, ठेवतात. उंची वाढली की ती खाली घसरते आणि 0.2 च्या जवळ आली की झोके वाढत जातात. त्यामुळे उंचीबरोबर खालचा व्यासही वाढवावा लागतो.