वाचकांचे प्रश्न : इन्सुलिनची वाट मुद्दाम का अडवायची?

प्रश्न : मी सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची अडत चालवतो. वय ५७, बारा वर्षांपासून शुगर आहे. मुलगी पुण्यात संशोधन करते. दिवाळीला घरी आली तेव्हा म्हणाली, ती पेशींवर इन्सुलिनचं काम बंद पाडणारं रसायन घालते, आणि ते कांद्यातल्या एका द्रव्यावरून बनवलेलं आहे. जे बंद पडल्यामुळे मला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, ते मुद्दाम बंद कशाला पाडायचं? दुसरं, कांद्याच्या सालीच्या काढ्यानं शुगर उतरते असा मेसेज फिरतोय. आमच्या गाळ्यात सालीचे ढीग पडलेले असतात. घेऊ का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी पस्तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला.

आपल्या पेठेतला चावीवाला डोळ्यांपुढे आणा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा. जुन्या बोळांत जमिनीखालून कुठली पाइपलाइन कुठं गेली, याचा नकाशा कुणाकडे सापडत नाही. मग तो एक व्हॉल्व्ह बंद करतो आणि कुणाकुणाचं पाणी गेलं ते बघतो. तुमची मुलगी पेशीत हेच करते आहे.

इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या ग्राहीवर येऊन बसतं आणि निरोप आत जातो. आत पीआय-३-कायनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीपटलातल्या एका मेदाच्या रेणूवर फॉस्फेटची खूण चढवतं. त्या खुणेमुळे एकेटी नावाचं प्रथिन जागं होतं. मग ग्लूट-४, म्हणजे साखर आत घेणारी दारं, पेशीच्या पोटातून पृष्ठभागावर येऊन बसतात. हे आज मी चार ओळींत लिहिते, पण ही साखळी कळली ती एकेक कडी अडवून बघितल्यामुळेच. वॉर्टमॅनिन हे बुरशीतलं द्रव्य १९५७ साली वेगळं केलं गेलं होतं. ते पीआय-३-कायनेजला अडवतं हे १९९३च्या सुमाराला कळलं, आणि १९९४ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते उंदरांच्या चरबीच्या पेशींवर घातलं. इन्सुलिन समोर होतं, ग्राही शाबूत होता, तरी जादा साखर आत जाईना. म्हणजे वाट याच विकरातून जाते. तुमच्यासारख्यांच्या शरीरात इन्सुलिन असूनही निरोप मधेच का क्षीण होतो, हे शोधायचं तर आधी ही वाट माहीत हवी.

मुलगी म्हणाली ते रसायन बहुधा एलवाय-२९४००२. तेही १९९४चंच. कांद्यात क्वेरसेटिन नावाचं द्रव्य असतं, सालीत सर्वांत जास्त. ते पीआय-३-कायनेजला थोडंफार अडवतं, पण इतरही बऱ्याच विकरांना अडवतं. एलाय लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेवरून हा नवा रेणू घडवला. नावातलं एलवाय म्हणजे लिली. याच कंपनीनं १९२३ साली इन्सुलिन बाजारात आणलं होतं. माझे वडील गिरणीत होते. घरात फ्रिज नव्हता, म्हणून त्यांची इन्सुलिनची बाटली आई ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची आणि काचेची सिरिंज रोज सकाळी उकळायची. ज्यांनी ती बाटली जगाला दिली त्यांच्याच प्रयोगशाळेतून इन्सुलिनची वाट अडवणारा रेणू यावा, यात मला विरोध दिसत नाही. ज्याला यंत्र चालवायचं आहे, त्याला ते बंद कसं होतं हेही बघावंच लागतं.

आता काढ्याचं. घेऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. एलवाय-२९४००२ कांद्यात नसतं, ते प्रयोगशाळेतच बनवावं लागतं, आणि ते कुणाला द्यायचं औषध नाही. शिवाय ते तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट करतं, इन्सुलिनचा निरोप थांबवतं. कांद्यातल्या क्वेरसेटिनपैकी रक्तात पोचतं ते फार थोडं, त्यामुळे जेवणातल्या कांद्याची भीती नको. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि फोडलेला कांदा खुशाल खा. पण वक्कल पालथं केल्यावर सालीवर जी काळी पूड दिसते ती बुरशी असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ती उकळून पोटात कशाला घालायची? गोळ्या सोडून काढ्यावर राहणारी माणसं मी पाहिली आहेत. पायाची जखम चिघळल्यावर ती दवाखान्यात येतात.

मुलीला एक विचारा : हाच परिणाम दुसऱ्या रेणूनं पडताळला का? एलवाय-२९४००२ची चावी एमटॉर आणि केसीन कायनेज-२ या दुसऱ्या विकरांना, म्हणजे शेजारच्या व्हॉल्व्हनाही लागते. एकाच रेणूवर विसंबून निष्कर्ष काढला तर पाणी नेमकं कुठल्या व्हॉल्व्हमुळे गेलं, ते कळणार नाही. तुम्ही विचारलंत तर तिला आनंदच होईल.

प्रश्न : मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. स्नायूंच्या पेशींवर वॉर्टमॅनिन घालते, तरी साखरेचं शोषण पूर्ण थांबत नाही. माझ्या पेशीच खराब आहेत असं सगळे म्हणतात.

उत्तर : पेशींना दोष देण्याआधी कुपीकडे बघ. वॉर्टमॅनिन पाण्यात फार काळ टिकत नाही. विद्यार्थिदशेत मी सकाळी पातळ केलेलं द्रावण दुपारी वापरायचे, आणि माझे तीन आठवडे त्यात गेले. डीएमएसओ या विद्रावकातलं मूळ द्रावण छोट्या छोट्या कुप्यांत, अंधारात, उणे २० अंशांवर ठेव. पातळ करशील ते वापरण्याच्या क्षणी. शंभर नॅनोमोलर पुरतं, आणि ते इन्सुलिनच्या आधी पंधरा ते तीस मिनिटं घाल. नुसतं डीएमएसओ घातलेला एक खळगा (वेल) तुलनेसाठी प्रत्येक ताटलीत ठेवच.

मग एकेटीच्या ४७३व्या सेरीनवर (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट आहे का ते वेस्टर्न ब्लॉटनं, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीनं, बघ. तिथली पट्टी पुसली गेली असेल तर वॉर्टमॅनिननं आपलं काम केलेलं आहे. उरलेलं शोषण इन्सुलिनचं नाहीच. ते ग्लूट-१ या दुसऱ्या दारातून, इन्सुलिनशिवाय बारा महिने चालू असतं. तुला बघायचंय ते फक्त इन्सुलिननं वाढलेलं शोषण. ते वाढतच नसेल, तर पेशी पुरत्या स्नायूरूप झाल्या आहेत का ते तपास, कारण त्याआधी त्यांच्यात ग्लूट-४ फारसं नसतं. तुझी निरीक्षणं चुकीची नसावीत.

प्रश्न : माझ्या जावेला स्तनाचा कर्करोग आहे. अल्पेलिसिब नावाची गोळी सुरू केली आणि कधी नव्हे ती शुगर वाढली. गोडधोड खाल्लं म्हणून सगळे तिलाच बोलतात.

उत्तर : तिला बोलणं आजच थांबवा. हा गोड खाण्याचा परिणाम नाही. अल्पेलिसिब हे पीआय-३-कायनेजच्याच एका प्रकाराला अडवतं. काही गाठींत हे विकर बिघडून सतत चालू राहतं, म्हणून ते बंद करायचं. अमेरिकेत २०१९च्या मे महिन्यात या गोळीला मान्यता मिळाली. पण चावीवाला गाठीपुरता व्हॉल्व्ह बंद करू शकत नाही. यकृत आणि स्नायूंतली इन्सुलिनची वाटही त्यातूनच जाते, म्हणून रक्तात साखर साचते. या औषधाच्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ३७ जणींची साखर गंभीर म्हणावी इतकी वाढली होती, म्हणजे तुमची जाऊ एकटी नाही.

साखर वाढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते गाठीतली बंद केलेली वाट पुन्हा उघडू पाहतं. उंदरांवरच्या २०१८च्या अभ्यासात हे दिसलं आहे. म्हणून साखर आटोक्यात ठेवणं हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग समजा. मात्र मनानं उपास किंवा कडक आहार सुरू करू नका, गोळीही मनानं बंद करू नका. घरी ग्लुकोमीटर आणा, रोजचे आकडे वहीत लिहा, ती वही कर्करोगाच्या डॉक्टरांनाही दाखवा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनाही. सारखी तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा दम लागणं यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.