वाचकांचे प्रश्न : खिडकीची गुंडाळती जाळी

पावसाळा तोंडावर आला की ओल आणि गळतीच्या बरोबरीने डासांच्या जाळीची पत्रे येऊ लागतात. या वेळी वर गुंडाळल्या जाणाऱ्या जाळीविषयी इतके प्रश्न आले की सगळे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमची खिडकी चार बाय चार फूट, दोन ट्रॅकची सरकती, बाहेरून ग्रिल. वेल्क्रोची जाळी दर जूनमध्ये सुटते. ओळखीचा ॲल्युमिनियम फॅब्रिकेटर गुंडाळती जाळी करून द्यायला तयार आहे, पण त्याने अशी जाळी आधी केलेली नाही. त्याला नेमके काय सांगावे?

उत्तर : वेल्क्रोचा चिकट पट्टा ओल धरलेल्या, भुकटी सुटणाऱ्या रंगावर टिकत नाही. कितीही दाबून लावला तरी रंगाचा पापुद्रा घेऊन तो सुटणारच. गुंडाळत्या जाळीचा विचार योग्य आहे. तिचे भाग असे : वर आडवी पेटी, पेटीत स्प्रिंग बसवलेली नळी, नळीवर गुंडाळलेली जाळी, जाळीच्या खालच्या कडेला दांडी, आणि जाळीच्या कडा ज्यांतून वर-खाली सरकतात ते बाजूचे दोन उभे चॅनेल.

फॅब्रिकेटरला मुख्य गोष्ट सांगा ती ही : डास जाळीच्या भोकातून येत नाही, कडेच्या फटीतून येतो. दोन मिलिमीटरची फट त्याला पुरते. त्यामुळे सगळी मेहनत कडांवर करायची आहे.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत लहान माप धरा. उंचीचेही तसेच. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही असे समजा. अशा वेळी चॅनेल ओळंब्यात उभे करायचे आणि मागे राहिलेली फट पट्टी व सिलिकॉनने भरायची. चॅनेल वाकवून भिंतीला टेकवला की दांडी अर्ध्यावर अडकते आणि दोष स्प्रिंगला दिला जातो.

आता आकडे. सर्वांत लहान रुंदी १२०० मिमी धरू. वरची पेटी एंड कॅपसकट ११९७ मिमी. बाजूचे चॅनेल २५ मिमी खोल. जाळी ११८३ मिमी रुंद कापायची, म्हणजे दोन्हीकडे १८ मिमी जाळी चॅनेलच्या आत राहते आणि तिच्या कडेपासून चॅनेलच्या तळापर्यंत ७ मिमी मोकळे सुटतात. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथेच. जाळी घासू नये म्हणून तो ती अरुंद कापतो आणि चॅनेलमध्ये जेमतेम पाच-सहा मिमी उरते. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात ती बाहेर येते.

नळी २५ मिमी व्यासाची घ्या. जाळीची लांबी १३०० मिमी, कारण जाळी पूर्ण खाली असतानाही नळीवर निदान एक वेढा, म्हणजे ७९ मिमी, उरायला हवा. नाहीतर सगळा ताण जाळीची कड नळीच्या खाचेत दाबून धरणाऱ्या बीडिंगवर येतो आणि जाळी खाचेतून निसटते. एवढी जाळी गुंडाळली की गुंडाळीचा व्यास ३५ मिमीच्या आसपास जातो, म्हणून पेटी आतून ४० मिमीपेक्षा लहान नको.

जाळी पीव्हीसीचा थर दिलेल्या फायबर ग्लासची, १८ × १६ विणीची, म्हणजे एका इंचात एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ धागे. स्टेनलेस स्टीलची जाळी टिकाऊ खरी, पण ती ताठ असते. रोज गुंडाळली की तिला घड्या पडतात आणि घडीवरच्या तारा तुटतात. ती स्थिर चौकटीसाठी ठेवा.

चॅनेलच्या दोन्ही ओठांना आतून वूलपाइलची केसाळ पट्टी हवी, एका बाजूला लावून भागत नाही. समोरासमोरचे केस एकमेकांना टेकले पाहिजेत. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी केस आणि जाळी यांच्यामध्ये सरकवून बघा. ती थोडी अडत, खसखसत गेली तर ठीक. अलगद आत गेली तर डासही जाईल.

बसवताना शेवटची काळजी. खिडकीला ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची चौकट असेल तर भोक कडेपासून ३० मिमी आत घ्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर कडेचा टवका उडतो. खालचा दगड पाणसळीने डावी-उजवीकडे तपासा. एक सूत, म्हणजे ३ मिमी, एवढा फरक असला तरी दांडीखाली एका टोकाला फट राहते. तिथे ॲल्युमिनियमचा एल अँगल पाणसळीत बसवून दांडी त्यावर टेकवावी. अँगलच्या मागे पावसाचे पाणी साठू नये म्हणून खाली ५ मिमीची दोन भोके पाडून त्यांवर जाळीचे तुकडे चिकटवा.

प्रश्न : सिंहगड रोडच्या घरी बसवलेली जाळी वर जाताना शेवटच्या सहा इंचांत थांबते. कारागिराने स्प्रिंग घट्ट केली, तर आता ती धाडकन वर आपटते. शिवाय गुंडाळी डाव्या बाजूला सरकत चालली आहे.

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत, एकेक पाहू.

जाळी खाली ओढली की स्प्रिंगला पीळ बसतो, आणि तो उलगडताना ती जाळी वर नेते. वर पोचेपर्यंत पीळ संपत आलेला असतो. त्यातच गुंडाळी जाड झाल्याने दांडीचे वजन नळीच्या मध्यापासून लांबून ओढते. म्हणून जाळी अडते ती शेवटीच. यासाठी जाळी पूर्ण वर असतानाही स्प्रिंगमध्ये थोडा पीळ शिल्लक ठेवावा लागतो. चार फुटी खिडकीला ६ पिळांपासून सुरुवात करा. दांडी वर पेटीला टेकत नसेल तर एकेक पीळ वाढवा. पिळाची चौकोनी पिन पकडीने फिरवताना डोळ्यांवर गॉगल हवा आणि पकड सुटता कामा नये.

आपटण्यावर उपाय पीळ कमी करणे हा नाही, तसे केले की जाळी पुन्हा सहा इंचांवर थांबेल. नळीच्या दुसऱ्या टोकाला घट्ट ग्रीस भरलेला ब्रेक बसवून घ्या. तोवर दांडी हातानेच वर न्या.

स्प्रिंग निवडताना एक हिशेब कारागीर सहसा करत नाहीत. चार फूट जाळी उतरताना नळी सुमारे १४ फेरे घेते. जाळी वर असतानाचे पीळ वाढवत ८ झाले असे धरले तर एकूण २२. प्रत्येक पिळाला स्प्रिंग तारेच्या जाडीएवढी लांबते, म्हणजे १.२ मिमी तारेची स्प्रिंग सुमारे २६ मिमी वाढणार. तेवढी जागा नळीत हवी. शिवाय ती बारीकही होते : १०० वेटोळ्यांच्या स्प्रिंगला २२ पीळ बसले की व्यास १८ टक्के घटतो. आतली सळई जाड असेल तर स्प्रिंग तिला आवळते आणि खाली ओढताना कटकट आवाज येतो. स्प्रिंग उलट्या दिशेने पिळली तर ती फुगून नळीत अडकते आणि तिचा आकार कायमचा बिघडतो, म्हणून दिशा आधी खात्रीने बघा.

गुंडाळी डावीकडे सरकते याचा अर्थ जाळी नळीवर तिरकी बसली आहे, किंवा पेटी पाणसळीत नाही. आधी पेटी तपासा. ती सरळ असेल तर जाळी पूर्ण उलगडून नळीच्या उजव्या टोकाशी पातळ चिकटपट्टीचे दोन-तीन तुकडे एकावर एक लावा. गुंडाळी जाड झालेल्या बाजूकडे ओढली जाते. उजवीकडे सरकत असेल तर पट्टी डावीकडे.

प्रश्न : वाघोलीत नवव्या मजल्यावर हॉलची खिडकी सहा फूट रुंद आहे. वळवाच्या वाऱ्यात जाळी फुगते आणि कडेने चॅनेलबाहेर येते.

उत्तर : जाळी फुगली की तिच्या कडा आत ओढल्या जातात. किती, ते काढता येते. १२०० मिमी रुंदीची जाळी मधोमध ५० मिमी फुगली तर प्रत्येक कड ३ मिमीही सरकत नाही. तीच १०० मिमी फुगली तर ११ मिमी सरकते. फुगवटा दुप्पट झाला की सरकणे चौपट होते, म्हणून जाळी बराच वेळ टिकून राहते आणि मग एकदम सुटते. सहा फुटांत, म्हणजे १८०० मिमीत, त्याच प्रमाणात १५० मिमी फुगवटा आला तर दोन्हीकडे सुमारे १७ मिमी. तुमच्या चॅनेलमध्ये एवढी जाळी आत असेल असे वाटत नाही.

मधे उभा खांब घेऊन तीन-तीन फुटांच्या दोन जाळ्या करा, हेच आमचे स्पष्ट मत आहे. सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात त्याच रेषेत खांब ठेवला तर तो दिसतही नाही. एकच अखंड जाळी हवी असेल तर कडेला चेन शिवलेली आणि चॅनेलमध्ये अडकून राहणारी जाळी मिळते. पण ती चेन धुळीने अडते आणि एक दात तुटला की पूर्ण जाळी बदलावी लागते. वादळाचा अंदाज असेल तेव्हा जाळी वर गुंडाळून काच लावून घेणे, हे दोन्ही प्रकारांत पाळायचे.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ग्रिलमध्ये कुंड्या आहेत. पाणी घालण्यापुरती जाळी अर्ध्यावर थांबवता येईल का? घरात चार वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : येईल. साखळी ओढून चालणाऱ्या क्लचवर जाळी हव्या त्या उंचीला थांबते, पण लोंबणारी साखळी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते. तुमच्या घरी ती नको. त्यापेक्षा दांडीच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगची खिट्टी आणि चॅनेलमध्ये ३००, ६०० व ९०० मिमीवर खोबणी असे करून घ्या. खोबण आरपार नसावी. दोन्ही खिट्ट्या एकदम सुटाव्यात म्हणून त्यांना जोडणारी एकच मूठ मध्यावर हवी. एक बाजू आधी सुटली तर दांडी तिरकी होऊन अडकते.

अर्ध्यावर थांबलेली जाळी डास अडवत नाही, तेव्हा काम झाले की पूर्ण खाली. डेंग्यू पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त संध्याकाळी जाळी ओढून उपयोग नाही. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करा. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि ताटलीच्या कडेला चिकटलेली अंडी नुसते पाणी ओतून जात नाहीत.

प्रश्न : हिंजवडीत भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. वेगवेगळ्या खिडक्यांना बसेल अशी कमी-जास्त होणारी जाळी करता येईल का?

उत्तर : वर गुंडाळणाऱ्या जाळीची उंची हवी तेवढी सोडता येते, रुंदी मात्र कापतानाच ठरते. जाळी ज्या दिशेने उलगडते तेवढीच दिशा बदलती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांची उंची साधारण चार फुटांच्या आसपास असते आणि रुंदी फार बदलते. म्हणून तुमच्यासाठी पेटी उभी ठेवा, जाळी आडवी उलगडू द्या. वरचे-खालचे चॅनेल एकात एक सरकणारे, ६५० ते ११०० मिमीपर्यंत वाढणारे. उभ्या पेटीच्या खाली रबरी बूट लावलेला आटेदार बोल्ट, तो उलगडून पेटी वर-खाली घट्ट दाबून बसवायची. दोन-तीन सेंटिमीटरचा उंचीतला फरक त्यातच निघतो. ११०० मिमीच्या पुढे जाऊ नका, आडवी जाळी स्वतःच्या वजनाने मधे झोळ धरते.

चॅनेल एकात एक शिरतो तिथे पायरी पडते आणि तिथूनच डास येतो. त्या सांध्यावर दोन इंच वूलपाइल जास्तीची लावा.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या जुन्या घराला गजांच्या खिडक्या आहेत. झडपा आत उघडतात.

उत्तर : तुमच्याकडे गुंडाळती जाळी बसवू नका. आतून लावली तर झडप अडते, गजांबाहेर लावली तर पेटी पावसात भिजून स्प्रिंग गंजते. गजांच्या बाहेरून सागवानी चौकटीत स्टेनलेस स्टीलची जाळी ताणून बसवा आणि चौकट लाकडी फिरक्यांवर अडकवा. वर्षातून दोनदा काढून धुता येईल.

प्रश्न : खराडीत नदीकाठी आहोत. डास थांबले, पण दिव्यावर चिलटे येतात. आणि गेल्या पावसाळ्यानंतर जाळीवर काळे ठिपके पडले आहेत.

उत्तर : चिलटे डासापेक्षा लहान, ती १८ × १६ च्या भोकातून निघतात. त्या विणीत भोक सुमारे १.१ × १.३ मिमी असते आणि दोन-तृतीयांश जागा हवेला मोकळी राहते. २० × २० घेतली तर भोक १ मिमीवर येते, हवा थोडीच कमी होते. फक्त नदीकडच्या खिडक्यांना ती लावा. खिडकीजवळचा पांढरा दिवा बदलून पिवळसर लावला तरी फरक पडतो.

काळे ठिपके बुरशीचे आहेत. जाळी ओली असताना गुंडाळली गेली. सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी पुसा. रॉकेल किंवा थिनर लावू नका, पीव्हीसीचा थर जातो आणि आतले काचेचे धागे उघडे पडून हाताला टोचतात. चॅनेलमध्ये तेल सोडू नका, त्यावर धूळ बसून वूलपाइलचे केस चिकटतात. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे चालतो. पावसाने जाळी भिजली तर पंखा लावून तासभर तशीच खाली राहू द्या आणि गुंडाळण्याआधी खालच्या दांडीच्या खाचेत बोट फिरवून बघा, पाणी सर्वांत शेवटी तिथे वाळते.