पहिल्यांदा कन्फेशनला जाताना

बाबू, कन्फेशन म्हणजे फादरपुढे आपली पापं सांगून देवाची क्षमा मागायचा आपल्या कॅथलिकांचा संस्कार. येत्या रविवारी फादर गावात आले की मिस्साच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेच्या, आधीच त्यांना गाठ. नंतर त्यांना दुसऱ्या गावची घाई असते. आपल्याकडे कन्फेशनसाठी जाळीची खोली कुठली? व्हरांड्यात खुर्ची टाकतात, तिथंच होतं. लाजायचं कारण नाही. ऐकलेलं ते कोणालाच सांगू शकत नाहीत, पोलिसांनाही नाही. गुप्तता सरळसरळ फोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत होतो.

आदल्या रात्री बायबलमधल्या दहा आज्ञा समोर ठेवून मन तपास. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसकट सांगायची. ‘वाईट वागलो’ एवढ्यानं भागत नाही; ‘शेजाऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, दोन हंगाम कोरला’ असं बोल. बायकोची अन् भावाची पापं मात्र सांगत बसू नको, अर्धा वेळ लोक तेच करतात! चुकून राहिलेलं पाप माफ होतं, आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. मुद्दाम लपवलंस तर सगळं कन्फेशनच वाया.

रडू यायलाच पाहिजे असं नाही. पाप नको वाटणं अन् पुन्हा न करण्याचा निश्चय, हा पश्चात्ताप. नुसत्या नरकाच्या भीतीनं आलेलाही या संस्कारात चालतो. देवावरच्या प्रेमातून आलेला श्रेष्ठ.

आणि तो धुरा? क्षमा मिळाली म्हणून कोरलेली तासं तुझी होत नाहीत. पेरणीआधी शेजाऱ्याला सोबत घेऊन खुणा परत जागेवर लाव. वर्षातून एकदा कन्फेशन हा 1215 च्या लॅटरन परिषदेपासूनचा (ही रोममध्ये भरलेली चर्चची परिषद) किमान नियम आहे. तू सणासुदीला तरी येत जा.