बिल नेमके कुठे अडते?

प्रश्न : भोसरीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना आहे. खरेदीची बिले मंजुरीसाठी टेबलाटेबलांवर फिरत राहतात आणि पुरवठादारांचे पैसे रखडतात. व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापनाचे, म्हणजे कामाचे टप्पे ठरवून ते एकाकडून दुसऱ्याकडे पुढे सरकवणारे, सॉफ्टवेअर घ्यावे का?

उत्तर : अवश्य घ्यावे, परंतु त्याआधी एखादे बिल गेटपासून बँकेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जाते, हे कागदावर उतरवून काढावे. बिल बहुधा अडते ते खरेदी ऑर्डर, माल आवक नोंद आणि बिल यांतील नग किंवा दर जुळत नाहीत म्हणून, आणि हा फरक स्टोअरने मिटवायचा की खरेदी विभागाने, हेच ठरलेले नसेल तर सॉफ्टवेअर तोच गोंधळ स्क्रीनवर मांडते. त्यामुळे सुरुवातीला ही जुळणी, रकमेनुसार मंजुरीचे अधिकार आणि मालक गावाला गेल्यास सही कोणाची, एवढेच त्यात बसवावे.

मुदतीची सूचना मात्र पहिल्या दिवसापासून हवी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादारांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, अन्यथा चक्रवाढ व्याज लागते. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजली जात असल्याने सॉफ्टवेअरमध्येही बिलाची नव्हे, स्वीकृतीचीच तारीख आधार म्हणून घ्यावी.