मेल नेमके राहतात कुठे? वाचकांच्या ईमेल-शंका

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात दोन संगणक आहेत. दोन्हींवर थंडरबर्ड या मेल वाचण्या-पाठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये एकच पत्ता जोडला आहे. काही मेल पुढच्या टेबलावर येतात, काही मागच्या. प्रोग्रॅम बदलावा का? (सांगली)

उत्तर : प्रोग्रॅमचा दोष नाही, खाते जोडण्याच्या पद्धतीचा आहे. तुमचे खाते ‘पॉप’ पद्धतीने जोडलेले असणार. पॉप सर्व्हरवरचे, म्हणजे मेलसेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरचे, मेल आपल्या संगणकावर उतरवून घेते आणि तसे सांगितलेले असेल तर सर्व्हरवरची प्रत पुसून टाकते. ज्या संगणकाने आधी मेल तपासले त्याला ते मिळाले. दुसरा पोहोचेपर्यंत तिथे काही उरलेले नसते. ‘आयमॅप’मध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळी यंत्रे तीच एक पेटी पाहतात. कोणता प्रोग्रॅम घ्यावा या प्रश्नाआधी हा प्रश्न सोडवायला हवा.

खात्री करायची तर ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडा. सर्व्हरचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, ९९५ दिसला तर पॉप, ९९३ असेल तर आयमॅप. आजच्या आज करायचे काम एवढेच, की दोन्ही संगणकांवर ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’वर खूण करा. निदान यापुढचे मेल तरी दोन्हीकडे येतील.

कायमचा उपाय म्हणजे आयमॅपवर जाणे. थंडरबर्डमध्ये जुन्या खात्याचा प्रकार बदलता येत नाही, तेच खाते नव्याने जोडावे लागते. आधी ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलचा (तुमचे मेल आणि सेटिंग्ज असलेला) फोल्डर शोधा, थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. मग दोन्ही संगणकांवरच्या पॉप खात्याच्या दोन खुणा काढा : सुरू होताच मेल तपासणे आणि दर काही मिनिटांनी तपासणे. इथेच बहुतेकांची गफलत होते. एका जरी यंत्रावर जुने पॉप खाते ‘लीव्ह मेसेजेस’च्या खुणेशिवाय चालू राहिले, तर ते सर्व्हरवरचे मेल ओढून पुसत राहते आणि आयमॅपच्या पेटीतून मेल ‘आपोआप’ गायब होताना दिसतात.

त्यानंतर आयमॅप खाते जोडा आणि जुने मेल दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्यांनी त्यात ‘कॉपी’ करा; ‘मूव्ह’ नको, मध्येच इंटरनेट तुटले तर पंचाईत. ब्राउझरमध्ये खाते उघडून सगळे पोहोचल्याचे पाहिल्यावरच जुने खाते काढा. सर्व्हरवर तेवढी जागा आहे ना, हे मात्र सुरुवातीलाच बघा.

प्रश्न : विंडोजमधले ‘मेल’ अॅप बंद पडले. आता काय वापरावे? (नाशिक)

उत्तर : त्या अॅपची सेवा मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवली. एकच जीमेल पत्ता आणि दिवसाला दहा-पंधरा मेल असतील, तर खरे म्हणजे ब्राउझर पुरेसा आहे. वेगळा प्रोग्रॅम घ्यावा तो एकाहून जास्त पत्ते सांभाळायचे असतील, नेट नसताना जुने मेल चाळायचे असतील किंवा स्वतःच्या डिस्कवर प्रत हवी असेल तर. यासाठी आमची पसंती थंडरबर्डला. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो आणि ऑक्टोबर २०२४ पासून अँड्रॉइडवरही आला आहे. कचेरीत मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर आणि सामायिक कॅलेंडर असेल तर आउटलुकच बरे. विंडोजबरोबर येणाऱ्या नव्या मोफत आउटलुकमध्ये जाहिराती असतात आणि त्यात जीमेलसारखे बाहेरचे खाते जोडले की त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते. घरगुती मेलला हरकत नसावी. अशिलांची कागदपत्रे असतील तर विचार करा.

प्रश्न : पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, पण थंडरबर्ड तो नाकारतो. खाते जीमेलचे आहे. (पुणे)

उत्तर : नुसता पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणे गुगलने बंद केले आहे. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ला (ओळख पटवण्याच्या पद्धतीला) ‘ओऑथ२’ निवडा; यात पासवर्ड प्रोग्रॅमला नाही, थेट गुगललाच दिला जातो. पुढच्या वेळी गुगलची स्वतःची खिडकी उघडेल, तिथे लॉगइन करा. खिडकी कोरीच राहिली तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. हाच बदल ‘आउटगोइंग सर्व्हर’मध्येही करावा लागतो. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर बहुधा तेवढेच राहून गेलेले असते. जाण्यासाठी पोर्ट ४६५ किंवा ५८७ ठेवा. २५ अनेक इंटरनेट कंपन्या अडवतात.

आउटलुक २०१६ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीत जीमेलसाठी ओऑथची सोय नाही. तिथे गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा ‘अॅप पासवर्ड’ तयार करा. मुख्य पासवर्ड बदलला की हा रद्द होतो, मग नवा घ्यावा लागतो.

प्रश्न : काही मराठी मेल अगम्य अक्षरांत दिसतात. कोणता फाँट टाकू? (बेळगाव)

उत्तर : आधी ती अक्षरे नीट न्याहाळा, कारण रोग दोन आहेत आणि औषधे वेगवेगळी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चार टोके फुटलेले छोटे वर्तुळ, अशी जोडी पुन्हापुन्हा येत असेल तर मजकूर युनिकोडच, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण पद्धतीतलाच, आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. मेल वाचणारा प्रोग्रॅम त्यांना तीन सुटी रोमन चिन्हे समजला की ही रांगोळी उमटते. थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतले ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबा, बहुतेक वेळा मजकूर लगेच सरळ होतो.

असे काही न दिसता साध्या रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा काला दिसत असेल, तर पाठवणाऱ्याने श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकले आहे. त्या फाँटांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो आणि मेलबरोबर फाँट जात नाही. इथे एन्कोडिंग बदलून उपयोग शून्य. मजकूर युनिकोड परिवर्तकातून काढा, किंवा पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. तोच फाँट आपल्याकडे टाकूनही मजकूर वाचता येतो, पण पुढे ज्याला पाठवाल त्याची तीच रड.

प्रश्न : २२ एमबीची फाइल जीमेलवरून जात नाही, मर्यादा तर २५ ची आहे. शिवाय ‘जागा भरली’ असाही इशारा येतो. (ठाणे)

उत्तर : अटॅचमेंट पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर होते आणि दर तीन बाइटचे चार होतात. २२ एमबीचे त्यामुळे २९-३० होतात. १८ एमबीपर्यंतची फाइल निर्धास्त पाठवा, त्यापुढे गुगल ड्राइव्हची लिंक द्या.

जागेचे म्हणाल तर १५ जीबी ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. बरेचदा खरा चोर तोच निघतो. मेलमधली जागा सोडवायला शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारा, आकार १० एमबीहून मोठा असा भरा आणि नको ते काढा. ‘ट्रॅश’ रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. तसेच ठेवले तर तो ३० दिवसांनी आपण होऊन रिकामा होतो.

प्रश्न : पाठवलेला मेल ५५० आकडा टाकून परत आला. पुन्हा पाठवू का? (कोल्हापूर)

उत्तर : ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. शेजारी ५.१.१ असेल तर तो पत्ताच अस्तित्वात नाही, स्पेलिंग तपासा, ५.२.२ असेल तर समोरच्याची पेटी भरली आहे, फोन करून सांगा. ४ ने सुरू झाला तर काहीच करू नका, सर्व्हर स्वतःच पुन्हापुन्हा प्रयत्न करतो.

प्रश्न : एका ग्राहकाच्या मेलला दरवेळी ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल येते, ती उघडत नाही. (पणजी)

उत्तर : त्यांचे आउटलुक ‘रिच टेक्स्ट’मध्ये मेल पाठवते आणि खरी अटॅचमेंट त्या फाइलीत अडकते. त्यांना मेलचा प्रकार ‘एचटीएमएल’ करायला सांगा आणि तोच मेल पुन्हा मागवा.